हळदीत शिजलेली पुली

बाबांच्या हाताला कापरं भरलंय, असं आमच्या घरात मतदान होऊन ठरलं होतं. मतदार दोन: आई आणि पुण्याला नोकरी करणारा माझा भाऊ. मी तेव्हा आखाडा बाळापूरच्या शाळेत पोरांकडून सातचा पाढा घोटून घेत होते, त्यामुळे माझं मत विचारायचं कुणाला सुचलं नाही. शनिवारची सकाळची शाळा उरकून मी हिंगोलीला आईबाबांकडे आले, तेव्हा निकाल लागलेला होता. गाडी विकायची. गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी येणार. आणि तोवर बाबांनी हळूच नेऊ नये म्हणून आईने गाडीची चावी तांदळाच्या डब्यात पुरली होती.

बाबा एसटीतले रिटायर ड्रायव्हर. तीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि एकदाही कुणाच्या अंगावर ओरखडा येऊ दिला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. तिच्यात बसण्याआधी आजही ते गाडीला एक चक्कर मारतात, चारही टायरांना बुटाने ठोकतात आणि मागे कुणी चढायचं राहिलंय का ते बघतात. मागे बहुतेक वेळा फक्त आईची भाजीची पिशवी असते.

"भावकीतल्या लग्नाहून येताना मी यांच्या बाजूला बसले व्हते," आई मला पोळ्या लाटता लाटता सांगत होती. "हात स्टेअरिंगवर आसे थरथर थरथर करून राहिले व्हते. तरी मी गप बसले."

आईचं गप्प बसणं फोन हाती लागेपर्यंत टिकतं. त्याच रात्री भावाला सगळं कळलं आणि त्याने पुण्यात बसून गिऱ्हाईकही शोधलं.

मला संताप आला तो याचा की बाबांनी वाद घातला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलणारा हा माणूस, त्याने मुकाट्याने चावी काढून दिली.

"तुमी काहून गप बसले?" मी त्यांना विचारलं.

"वय झालं, बाई," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर थरथरतोय का ते मी डोळे बारीक करून बघितलं. पण वर पंखा फुल्ल सुटलेला होता, त्यामुळे काही सांगता येत नव्हतं.

आईकडे अजून एक पुरावा होता. तो तिने मला स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितला. गेले दोन महिने बाबा रोज सकाळी अंगणात जातात, पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास हातात घेतात, हात सरळ पुढे करतात आणि तसेच उभे राहतात. तोंड पूर्वेकडे. आमचं घर बौद्ध. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या आधी सतरंजी टाकायला जाणारा माणूस म्हातारपणी सूर्याला पाणी द्यायला लागला की काय, या काळजीने आई अर्धी झाली होती. तिने अजून हे भावकीत कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे काळजी खरीच मोठी होती.

गाडी धुवून, चाकांत हवा भरून ठेवते, असं सांगून मी तांदळात कोपरापर्यंत हात घालून चावी काढली. ते कारण खोटं होतं. मला राग आला की गाडी चालवावीशी वाटते, एवढंच.

रेल्वे फाटक बंद होतं. मी गिअर काढून थांबले. मालगाडी काही येईना. आणि मला कुठून तरी बारीक किणकिण ऐकू यायला लागली. आधी वाटलं शेजारच्या उसाच्या रसाच्या गाडीचे घुंगरू. पण ती गाडी बंद होती. मग मी खाली बघितलं. त्याच भावकीतल्या लग्नात भरलेल्या माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. स्टेअरिंगवर ठेवलेले माझे दोन्ही हात थरथर थरथर कापत होते. माझे! तिशी ओलांडलेली असली तरी माझं वय काही झालेलं नव्हतं.

मी हात वर उचलले. बांगड्या गप्प. परत स्टेअरिंगवर ठेवले. किणकिण. असं मी पाच-सहा वेळा केलं. बाजूच्या मोटरसायकलवाल्याने मला हात जोडले, त्याला वाटलं मी त्याला नमस्कार करतेय. फाटक उघडायच्या आत मी गाडी वळवली आणि हॉर्न वाजवत घरी आले.

"बाबा! तुमी न्हाई, गाडी थरथरून राहिली!"

त्यांनी पेपर खाली ठेवला. विश्वास बसलेला नव्हता. अनवाणीच बाहेर आले, चालू इंजिनाच्या बॉनेटवर त्यांनी तळवा ठेवला आणि डोळे मिटले. आई लेकराचं अंग गरम आहे का बघते तसे ते उभे होते. मग डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं, मीच."

तेव्हा मला अंगणातल्या ग्लासाचा उलगडा झाला. ते सूर्याला पाणी देत नव्हते. ग्लासातलं पाणी हलतं का, ते बघत होते. दोन महिने, रोज, एकटे. तेवढ्यात बाबांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि मला रडायला वेळच मिळाला नाही.

"खडू हाय का तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

शिक्षिकेला हे विचारू नये. माझ्या पर्समध्ये खडू, डिंक, दोन पट्ट्या आणि कुणाचा तरी दुधाचा पडलेला दात सुद्धा असतो. बाबांनी इंजिन बंद केलं, पुढून खाली वाकले आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या एका जाड पुलीवर खडूने मधून कडेपर्यंत सरळ रेघ ओढली. मग इंजिन चालू करून चांगलं रेटलं, परत बंद केलं. रेघ मोडली होती. आतला अर्धा तुकडा एकीकडे, बाहेरचा अर्धा बोटभर सरकून दुसरीकडे.

"डॅम्पर गेला," बाबा म्हणाले. हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग त्यांनी मला दारातच बसून सगळं समजावलं. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड दांडा फिरतो. डिझेलच्या प्रत्येक धमाक्याला त्या दांड्याला पीळ बसतो आणि तो परत सुटतो, मिनिटाला शेकडो वेळा. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला ही डॅम्परची पुली असते. आतलं चाक दांड्याला घट्ट, बाहेरचं कडं जड, आणि दोघांच्या मधे रबराचा पट्टा. आतून आलेला हिसका रबर आपल्या अंगावर घेतं. रबर वाळून सुटलं की कडं आपल्या मनाने फिरतं आणि सगळं इंजिन नाचतं.

"म्हणजे तुमच्या आन् भाऊच्या मधी आई असती, तसं," मी म्हणाले.

"मला रबर म्हणून राहिली का गं तू?" आतून आवाज आला.

आई बाहेर आली. तिला सगळं परत सांगितलं. तिने बांगड्यांची किणकिण स्वतः ऐकली, मोडलेली रेघ बघितली, तरी ती हलली नाही. "नवी पुली बसवा," ती म्हणाली. "मग मी माझ्या डोळ्यानं यांचे हात पाहीन. थांबले तर गाडी राहील. न्हाई थांबले तर गिऱ्हाईकाला द्यायची. उद्या संध्याकाळपतोर."

"मंजूर," बाबा म्हणाले. मला ते मंजूर नव्हतं, पण मला कुणी विचारलंच नाही.

आम्ही आधी ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पुली बघितली, विडी विझवली आणि म्हणाला, "मॅडम, नवी कायको लेते? कडं आन् चाक वेल्डिंग मारून एक करून देतो. जिंदगीभर हलणार न्हाई."

"आतल्या आत हलावी म्हणून तर तिच्यात रबर असतं!"

"रबराचा काय भरवसा? लोखंड ते लोखंड."

"अहो, मग कंपनीने काय शोभेला घातलंय का ते?"

"मग आना नवी. दोन घाव हाणले की बसती," असं म्हणून त्याने भिंतीवरची हातोडी काढून दाखवली. तिचं डोकं माझ्या डोक्याएवढं होतं. मी म्हणाले, बाळाला टोपी घालताना पण हाणता का. तो म्हणाला, मग तुम्हीच बसवा. मी म्हणाले, बसवते! माझी जीभ नेहमी माझ्या आधी निघते आणि मग मला तिच्या मागे पळावं लागतं. बाबा मिस्त्रीची माफी मागत मागे राहिले होते, आणि मी गाडीत बसून विचार करत होते की पुली बसवतात कशी.

भंगारवाल्याकडे एक मिळाली, पण बाबांनी रबरावर नख रुतवलं तर त्याला बारीक भेगा पडल्या. "ही माझ्यासारखीच रिटायर हाय," असं म्हणून त्यांनी ती परत ठेवली. स्पेअर पार्टच्या दुकानात मग जत्राच भरली. एक पुली सुंदर चकचकीत होती, मला फार आवडली, पण ती एकाच लोखंडातून कातलेली होती, मधे रबरच नाही. दुसरीत रबर होतं, पण फॅनचा पट्टा बसतो त्या खाचांत एक कमी. तिसरीच्या खाचा बराबर, रबर बराबर, पण इंजिन जुळवायची कडेवरची खूण भलतीकडे. चौथी काउंटरवर आली तेव्हा बाबांनी खिशातून सुतळी काढली. जुन्या पुलीला गुंडाळून त्यांनी सुतळीला गाठ मारून आणली होती. सुतळी नव्या पुलीला गुंडाळली, टोक बरोबर गाठीला भिडलं. माझ्या पट्टीने त्यांनी खाचांची रुंदी मोजली. मग रबराचा वास घेतला. वासावरून काय कळतं ते मी विचारलं, तर म्हणाले, "काई न्हाई. नवा हाय, म्हणून घेतला."

दुकानदार म्हातारा होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने पुली पुठ्ठ्यात बांधताना सांगितलं, "हातोडी लावू नका बरं का. लावली की रबर आतून फाटतं. अर्धा घंटा उकळत्या पाण्यात ठेवा. चाकाचं भोक तेवढं केसभर फुगतं. गरम गरम सरकवा, हातानं बसती. थंड झाली की दांड्याला मिठी मारती."

आता उकळतं पाणी. घरात एवढी पुली मावेल असं एकच पातेलं होतं आणि ते आईच्या वरणाचं होतं. ती पातेल्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्यात विहारातल्या जेवणाचं वरण शिजतं. तेलकट लोखंड शिजवायचं तर आधी मला शिजवा." तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

बाबा हसायला लागले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडे होते कंडक्टरकाका. हे बाबांच्या बसवर कितीतरी वर्षं कंडक्टर होते. दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. काकांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आता जोडीला कनेरगाव नाक्याजवळ हळदीचं रान.

"हळद शिजवून राहिले का, मास्तर?" बाबांनी विचारलं.

"उद्या सकाळपासून," काकांचा आवाज फोनमधून आख्ख्या घरात घुमला. त्यांना गर्दीत बोलायची सवय.

"माझा एक नग त्यात टाकायचा हाय."

"कसला नग?"

"लोखंडाचा."

मग काका म्हणाले, "शिजायला टाईम लागंल. लवकर या."

रविवारी सकाळी निघालो. आईचा हुकूम होता म्हणून गाडी मी चालवली, आई माझ्या बाजूला, पाण्याचा स्टीलचा ग्लास मांडीवर घेऊन. तपासणीसाठी. बाबा मागे बसले. पुढे बसलो की पाय ब्रेक शोधतात, असं ते म्हणाले. वाटेत त्यांनी एकदाही मला गाडी कशी चालवायची ते सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "येताना मी चालवीन." आईने ग्लास घट्ट धरला.

काकांच्या शेतात सगळं पिवळं होतं. भट्टी पेटलेली, वर पाण्याची टाकी, बाजूला चार मोठे ड्रम, आणि टाकीतली वाफ नळ्यांतून ड्रमांतल्या हळदीत शिरत होती. दहा-बारा बाया शिजलेली हळद खळ्यावर पसरत होत्या. काका धोतर खोचून पुढे आले, गळ्यात अजून ती जुनी शिट्टी. त्यांनी पुली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि दुसऱ्या ड्रममध्ये हळदीच्या वर ठेवून झाकण लावलं. "पूर्ण तिकीट लागंल," म्हणाले.

तोवर आम्ही जुनी काढायला घेतली. रेडिएटरचं पाणी बादलीत सोडलं, रेडिएटर काढून बांधावर टेकवला, पट्टा उतरवला. पुलीच्या मधला बोल्ट असा बसलेला की पान्यावर बाबा लोंबकळले तरी ढिम्म. इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कुणीतरी आत बसून ब्रेक दाबायला हवा होता. काका आत बसले. ड्रायव्हरच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा. आरसा नीट केला, मान ताठ केली आणि ओरडले, "चला, मागं सरका, मागं सरका!"

"ब्रेक दाबा, मास्तर!" बाबा खालून ओरडले.

पान्याला ट्रॅक्टरचा लांब पाईप लावून मी आणि बाबा दोघं मिळून लटकलो. बोल्ट कटकन बोलला आणि आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर. मग काकांच्या ट्रॅक्टरच्या पेटीतला, चाक ओढून काढायचा पुलर लावला. तो आवळत गेलो तर बाहेरचं कडं एकटंच निघून बाबांच्या हातात आलं, आणि मधलं रबर काळ्या भुग्यासारखं माझ्या पदरावर सांडलं. बाबांनी तो भुगा चिमटीत घेतला आणि आईला नेऊन दाखवला. "हे पाहा. हे थरथरत व्हतं." आईने ग्लास खाली ठेवून भुगा निरखला आणि ग्लास परत उचलला. आतलं चाक मग वेगळं ओढून काढलं, दांडा पुसला, त्याच्या खाचेतली, पुली घसरू न देणारी छोटी लोखंडी चावी जागेवर आहे का बघितली, तेलाचं बोट फिरवलं. आता फक्त गरम पुली हवी होती.

मी ड्रमकडे पळाले. दुसरा ड्रम रिकामा होता.

काका ब्रेक दाबून बसले होते आणि ड्रममध्ये पुली आहे हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. हळद शिजली तशी गड्यांनी रोजच्यासारखा ड्रम उलटा केला होता. पुली वाफाळत्या हळदीच्या ढिगात कुठेतरी गेली होती. पुली काळी होती हे खरं, पण त्या ढिगात आता सगळंच पिवळं होतं, मी सुद्धा.

"थंड व्हायच्या आत!" बाबा ओरडले. "थंड झाली की सरकायची न्हाई!"

मग जे झालं ते मला आयुष्यभर पुरेल. दहा-बारा बाया फावडी घेऊन ढिगात घुसल्या. काका शिट्टी फुंकत ढिगाभोवती फिरू लागले, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. आई चप्पल काढून आत शिरली आणि पायाने चाचपू लागली, मग "भाजलं गं माय!" म्हणून उड्या मारत बाहेर आली. मी दोन्ही हातांनी हळकुंडं उडवत होते. वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसेना. प्रत्येकीला काही ना काही लागत होतं आणि प्रत्येक वेळी ते हळकुंडच निघत होतं. एवढ्यात एका बाईने फावडं थांबवलं, खाली बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काका, यंदा हळद एवढी मोठी कशी काय निघाली?"

गोणपाटात धरून बाबा पुली घेऊन पळाले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, अंगावर वाफ, मागे शिट्टी, त्याच्या मागे बाया, सगळ्यात मागे मी. भोक फडक्याने एकदा पुसलं, खाच चावीसमोर धरली आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी पुली दांड्यावर दाबली. ती सरकली. गुपचूप, सगळीच्या सगळी, शेवटपर्यंत. हातोडीला कुणी हातही लावला नाही. मी तेव्हाच ठरवलं की हे मिस्त्रीला स्वतः जाऊन सांगायचं, आणि बरंच रंगवून सांगायचं.

ती थंड होईपर्यंत आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग बोल्ट आवळला, पट्टा चढवला, रेडिएटर बसवला, बादलीतलं पाणी परत ओतलं. बाबांनी पुलीवर रेघ ओढायला खडू मागितला, तर काकांनी ओल्या हळकुंडाने ओढून दिली. चावी फिरवली. इंजिन लागलं. बाबांनी रेटलं, सोडलं, परत रेटलं, बंद केलं. रेघ आतून बाहेरपर्यंत एकसंध, सरळ.

परत चालू. मी स्टेअरिंगवर हात ठेवले. बांगड्या गप्प. इतक्या गप्प की मी त्या कानाशी नेल्या. आई पुढे आली. तिने ग्लास काठोकाठ भरला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. बायांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी शिट्टी फुंकली आणि मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडले की मेंढरं बांध सोडून पळाली.

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटांसारखे. आईकडे बघून हसले. आई पण हसली. उन्हातान्हात फिरून त्यांना तहान लागलेली. त्यांनी सहज हात पुढे केला आणि डॅशबोर्डवरचा ग्लास उचलला.

पाणी हललं. काठावरून बाहेर आलं, त्यांच्या पिवळ्या बोटांवरून ओघळलं, पँटवर सांडलं. ग्लास ओठांपर्यंत पोचेपर्यंत अर्धा झाला होता. इंजिन एकसारखं, शांत चालू होतं.

आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. काका म्हणाले, "ग्लास लई भरला व्हता," आणि बायांना कामाला लागा म्हणून सांगायला लागले. मला सगळ्यांचा राग आला. ग्लासाचा, आईचा, माझ्या त्या मुक्या बांगड्यांचा. मी म्हणाले, "बाबा, तुमी दमले. पान्यावर लोंबकळले ना सकाळपासून. जरा बसा, मग परत पाहू."

बाबांनी उरलेलं पाणी पिऊन ग्लास जागेवर ठेवला. उजवा हात समोर धरून बघितला. मग हसले, आणि ते हसू खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

"दोन महिने समजतच नव्हतं, मी का गाडी," ते म्हणाले. "आता बराबर समजलं. गाडीचं झालं. आता माझा नंबर."

आई जवळ आली. पदराने तिने त्यांची बोटं पुसली, पण हळद काही निघेना. "उद्या दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "आन् गाडी विकायची न्हाई." तिनेच फोन काढला, भावाला लावला आणि बाबांच्या कानाशी धरला.

"गिऱ्हाईकाला नको म्हणून सांग," बाबा भावाला म्हणाले. "गाडी हाय तशी राहील. फक्त ड्रायव्हर बदललाय."

ते उतरले. गाडीला पूर्ण चक्कर मारली, चारही टायर ठोकले आणि डाव्या बाजूने पुढच्या सीटवर येऊन बसले. मी स्टेअरिंगमागे बसले. आई आणि काका मागे, कारण काकांना नाक्यावर चहा प्यायचा होता. मी गिअर टाकला. मागून काकांनी शिट्टी तोंडाला लावली.

"मास्तर, थांबा," बाबा म्हणाले. "तीस वर्षं मी बेलची वाट पाह्यली. आज बेल मी देणार."

काकांनी शिट्टी खाली घेतली. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघितलं, कुणी चढायचं राहिलंय का. आईचं दार नीट लागलंय का ते बघितलं. त्यांना काही घाई नव्हती. मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, क्लच दाबून, समोर बघत थांबले.

मग त्यांनी पायाशी पडलेला पाना उचलला आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा ठोकला. मी क्लच सोडला.